राजे, रिसाले आणि पोलो

घोड्यावर बसून लांब दांड्याच्या काठीने चेंडू टोलवण्याचा खेळ भारतातल्या राजदरबारांना किमान आठशे वर्षांपासून ठाऊक आहे. मध्य आशिया आणि इराणच्या घोडेस्वारांचा हा खेळ तुर्क सरदारांबरोबर उत्तर भारतात आला आणि इथे चौगान या नावाने रुळला. इराणात त्याला केवढा मान होता, याची खूण इस्फहान शहराच्या मुख्य चौकात आहे. सफवी बादशहांच्या काळात उभारलेले चौगानचे दगडी गोलखांब तिथे अजून जागेवर आहेत. भारताच्या इतिहासात मात्र हा खेळ ठळकपणे येतो तो एका मृत्यूच्या निमित्ताने. १२१० मध्ये दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक लाहोरला चौगान खेळताना घोड्यासकट कोसळला, खोगिराचा पुढचा उंचवटा त्याच्या छातीत घुसला आणि त्यातच तो गेला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि स्वतःच्या कर्तबगारीवर सुलतान झालेला हा माणूस इतक्या लढायांतून वाचला होता. त्याची कबर लाहोरच्या अनारकली भागात आहे.

मोगलांपैकी अकबराला या खेळाचा विशेष नाद होता. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त चौगानची स्वतंत्र माहिती दिली आहे, आणि ती वाचताना दरबारातला खेळ डोळ्यांपुढे उभा राहतो. एका वेळी मैदानात दहापेक्षा जास्त खेळाडू नसत, पण बाकीचे तयारीत थांबलेले असत. दर वीस मिनिटांनी दोघे बाहेर पडत आणि दोघे ताजे आत येत. चेंडू हद्दीपार गेला की नगारा वाजे. काठ्यांच्या टोकांना सोन्याचांदीची बोंडे बसवलेली असत आणि खेळाच्या धुमश्चक्रीत ती तुटली, तर ज्याच्या हाती लागतील त्याची होत. अंधार पडल्यावरही अकबराला खेळ थांबवावासा वाटत नसे. मग पळसाच्या लाकडाचे चेंडू पेटवून घेत, कारण हे लाकूड हलके असते आणि बराच वेळ जळत राहते. अबुल फजलने या साऱ्याचे कारणही सांगितले आहे. वरवर पाहणाऱ्याला यात नुसती करमणूक दिसते, पण बादशहा मात्र या खेळात माणसे पारखतो. कोण चटकन निर्णय घेतो, कोणाची घोड्यावरची मांड पक्की आहे, कोण ऐनवेळी कचरतो, हे त्याला मैदानात कळते. राज्यकर्त्यांना या खेळाची ओढ का वाटत राहिली, याचे हे बहुधा सर्वांत जुने आणि सर्वांत नेमके उत्तर आहे.

मोगल सत्ता ढासळली तसा मैदानी मुलखातला चौगानही विरत गेला. राजपूत आणि मोगल शैलीच्या लघुचित्रांत तो टिकून राहिला. घोड्यावर बसून चौगान खेळणाऱ्या राजस्त्रियांची काही अत्यंत देखणी चित्रे त्या काळातली आहेत. प्रत्यक्ष खेळ जिवंत राहिला तो देशाच्या दोन डोंगराळ टोकांना. वायव्येला गिलगिट, बाल्टिस्तान आणि लडाखमध्ये, आणि ईशान्येला मणिपूरमध्ये. आज जगभर खेळला जाणारा पोलो मणिपूरच्या टोकाकडून निघाला.

मणिपूरमध्ये या खेळाला सगोल कांगजेई म्हणतात. तिथे त्याचे नाते करमणुकीइतकेच श्रद्धेशीही आहे. मार्जिंग ही अश्वांची आणि या खेळाची देवता मानली जाते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करणाऱ्या खागेंबा राजाने खेळाचे नियम बसवले, असे तिथली परंपरा सांगते. दोन्ही बाजूंना सात-सात स्वार असतात आणि गोलखांब मुळी नसतातच. मैदानाच्या टोकाची रेषा चेंडूने ओलांडली की गोल होतो. हवेत उडालेला चेंडू हाताने झेलून घोडा पिटाळण्याची मुभा असते, पण टोला मात्र काठीनेच मारायचा. काठी वेताची आणि चेंडू बांबूच्या मुळाचा. घोडे म्हणजे तिथलीच ठेंगणी, काटक मणिपुरी तट्टे. राजवाड्याच्या कांगला परिसरात राजघराण्यासाठी एक मैदान होते आणि बाहेर सर्वांसाठी दुसरे. राजा खेळत असे आणि गावकरीही खेळत. उरलेल्या हिंदुस्थानात पोलोला जे स्वरूप पुढे आले, त्यात ही शेवटची गोष्ट हरवली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशाच्या स्वाऱ्यांनी मणिपूर उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथले राजपुत्र आणि हजारो लोक शेजारच्या काछाडमध्ये आश्रयाला गेले. जाताना त्यांनी आपला खेळही नेला. काछाडमध्ये नेमणुकीवर असलेला तरुण अधिकारी जोसेफ शेरर आणि तिथला प्रशासक रॉबर्ट स्ट्यूअर्ट यांनी तो पाहिला, शिकून घेतला आणि १८५९ मध्ये सिल्चरला चहामळेवाल्यांच्या सोबतीने पहिला पोलो क्लब काढला. १८६२ मध्ये कलकत्ता पोलो क्लब निघाला आणि तो आजही चालू आहे. शेररने मणिपुरी खेळाडूंचा एक संघ कलकत्त्याला नेऊन खेळवला. मणिपुरी स्वारांची चपळाई पाहून तिथले साहेब लोक थक्क झाले. १८६९ मध्ये इंग्लंडमधल्या हुसार पलटणीच्या अधिकाऱ्यांनी ऑल्डरशॉटला हा खेळ करून पाहिला. तिथून तो अमेरिकेत आणि अर्जेंटिनात पोहोचायला दहा वर्षेही लागली नाहीत.

या इतिहासाचे एक पान कटू आहे. मणिपूरचे सेनापती राजपुत्र टिकेंद्रजित हे त्यांच्या काळातले तिथले अव्वल पोलोपटू होते आणि इंफाळमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर ते याच मैदानात खेळत. १८९१ च्या युद्धात मणिपूर हरले आणि १३ ऑगस्ट १८९१ रोजी इंग्रजांनी टिकेंद्रजितांना इंफाळमध्ये हजारो लोकांसमोर फाशी दिले. ज्या घराण्याकडून खेळ शिकला त्याच घराण्याच्या राजपुत्राला फासावर चढवले. पोलोचा इतिहास सांगताना हे वगळून चालणार नाही.

कलकत्त्याहून हा खेळ लष्करी छावण्यांत झपाट्याने पसरला. त्याला लेखी नियम मिळाले, संघातली संख्या कमी होत होत चारवर आली आणि १८९२ मध्ये इंडियन पोलो असोसिएशन स्थापन झाली. आजचे मैदान सुमारे २७५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद असते, म्हणजे फुटबॉलची सहा-सात मैदाने त्यात मावतील. दोन्ही टोकांना सव्वासात मीटर अंतरावर दोन-दोन खांब असतात. खेळ साडेसात मिनिटांच्या डावांत चालतो आणि या डावाला चक्कर म्हणतात. काठी उजव्या हातातच धरावी लागते. गोल झाला की संघ बाजू बदलतात, कारण वारा किंवा ऊन कायम एकाच्याच विरुद्ध असू नये. प्रत्येक खेळाडूला त्याच्या कसबानुसार उणे २ ते १० असा हँडिकॅप दिला जातो. १० गोलांचा खेळाडू जगात फार थोड्यांच्या वाट्याला आलेली पायरी गाठतो.

पाहणाऱ्याला सुरुवातीला सगळा गोंधळ वाटतो, पण एक नियम समजला की खेळ उलगडतो. टोला मारल्यावर चेंडू ज्या रेषेत जातो, त्या रेषेवर तो टोला मारणाऱ्याचा हक्क असतो. इतर कोणी ती रेषा आडवी कापली तर फाउल, कारण ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या दोन घोड्यांची टक्कर म्हणजे जिवावरचे संकट. ज्याला चेंडू हिसकवायचा आहे त्याने आपला घोडा समांतर आणायचा, खांद्याला खांदा लावायचा आणि समोरच्याला रेषेवरून रेटून काढायचे. किंवा त्याची काठी उचलली जात असतानाच स्वतःच्या काठीने अडकवायची. ही रेटारेटी घोडा करतो, स्वार फक्त त्याला इशारा देतो. म्हणून जाणकार सांगतात की खेळाचा मोठा हिस्सा घोड्याचा असतो. एका घोड्याला लागोपाठ दोन चक्कर खेळवत नाहीत आणि पूर्ण सामन्यात दोनपेक्षा जास्त चक्कर त्याच्याकडून करून घेत नाहीत. साहजिकच एका खेळाडूला एका सामन्यासाठी तीन-चार तरी घोडे लागतात, आणि बदली घोडे धरले तर पाच-सहा. खेळ महाग का, याचे उत्तर इथे आहे.

संस्थानिकांनी पोलो इतक्या उत्साहाने का उचलला, हे समजायला १८५७ नंतरची त्यांची अवस्था पाहावी लागते. साडेपाचशेहून अधिक संस्थाने राणीच्या सार्वभौमत्वाखाली नांदत होती. त्यांना आपापसात तह करता येत नव्हते, युद्ध करता येत नव्हते, फौजेवरही मर्यादा होत्या. गादीवर राजा बसे, पण दरबारात इंग्रज रेसिडेंटचा शब्द चाले. मारवाड (जोधपूर), ढुंढाड (जयपूर) किंवा पतियाळासारख्या ठिकाणी ज्यांची प्रतिष्ठा पिढ्यान् पिढ्या घोडा आणि तलवार यांवर उभी होती, त्यांना ती दाखवायला जागाच उरली नव्हती. पोलोने ती जागा दिली. त्यात वेग होता, धोका होता, हाडे मोडत, प्रसंगी माणसे मरत, आणि घोड्यावरचे सारे पिढीजात कसब कामाला येई. शिवाय समोर बहुधा इंग्रज अधिकारी असत. गोऱ्यांच्या बहुतेक क्लबांची दारे हिंदी माणसाला बंद असलेल्या त्या काळात, इंग्रज कर्नलला भर मैदानात खांद्याने रेटून बाजूला काढणे नियमात बसत होते आणि त्याला ते निमूटपणे मान्य करावे लागत होते. राजकीय समानता नाकारलेल्या राजांना ही मैदानापुरती समानता फार मोलाची वाटली असणार.

इंग्रज सरकारलाही हे सोयीचे होते. राजकुमारांसाठी राजकोटला राजकुमार कॉलेज आणि अजमेरला मेयो कॉलेज निघाले आणि तिथे घोडेस्वारी व खेळ हा शिक्षणाचाच भाग झाला. राजाचे चित्त मैदानात गुंतलेले राहिले तर ते राजकारणात कमी गुंतेल, हा हिशेब त्यामागे होता. पुढे १८८९ च्या सुमारास सरकारने संस्थानांना साम्राज्याच्या सेवेसाठी स्वतंत्र पलटणी उभारायला लावल्या. जोधपूर, म्हैसूर, हैदराबाद, ग्वाल्हेर अशा राज्यांत नवे रिसाले उभे राहिले. रिसाला आला की घोडे, स्वार, कवायतीचे मैदान आणि तालमीला मोकळा वेळ हे सारे आपोआप आले. हिंदी पोलोचा खरा पाया या रिसाल्यांनी घातला.

या काळातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे जोधपूरचे सर प्रतापसिंह. १८४५ चा जन्म. महाराजा तख्तसिंहांचे हे चिरंजीव जोधपूरच्या गादीवर कधी बसले नाहीत, पण त्यांनी अनेक वर्षे राज्याचा कारभार रीजंट म्हणून पाहिला आणि मधली काही वर्षे ते ईडरचे राजे होते. जोधपूरचा सरदार रिसाला त्यांनी घडवला आणि त्यातूनच संस्थानाचा पोलो संघ उभा केला. राणी व्हिक्टोरियाच्या १८८७ आणि १८९७ च्या दोन्ही महोत्सवांना ते लंडनला गेले. मांडीला सैल आणि गुडघ्याखाली तंग असा मारवाडी स्वाराचा चोळणा त्यांच्यामुळे इंग्रजांच्या नजरेत भरला आणि जोधपुरी ब्रीचेस म्हणून जगभर गेला. आज जगभरचे घोडेस्वार जी विजार घालतात तिचे मूळ मारवाडात आहे. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा सत्तरीला टेकलेले सर प्रताप आपला रिसाला घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर गेले.

त्यांच्या पाहुण्यांत विन्स्टन चर्चिल हा तरुण अधिकारीही होता. १८९६ मध्ये मुंबईला ससून डॉकवर उतरताना नावेचा हेलकावा बसून त्याचा उजवा खांदा निखळला आणि तो जन्मभर अधू राहिला. त्याच्या पलटणीला लवकरात लवकर पोलोत नाव काढायचे होते, म्हणून त्यांनी पूना लाइट हॉर्सचे तयार घोडे एकगठ्ठा विकत घेतले आणि काही आठवड्यांतच हैदराबादचा गोवळकोंडा कप जिंकला. यजमान गोवळकोंडा ब्रिगेडचा निजामी संघ त्या भागात नावाजलेला होता, त्यामुळे या विजयाचा बराच गाजावाजा झाला. १८९९ मध्ये मीरतच्या आंतर-पलटण स्पर्धेआधी चर्चिल आणि त्याचे सोबती सरावासाठी जोधपूरला सर प्रतापांकडे राहिले. तिथे जिन्यावर पाय घसरून त्याचा तोच खांदा पुन्हा निखळला. दंड अंगाला बांधून तो अंतिम सामना खेळला आणि त्याचा संघ जिंकला. इंग्रज पलटणींनी आपल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची तयारी जोधपूरच्या मैदानावर करावी, यावरून जोधपूरचा दर्जा लक्षात येतो.

जोधपूरच्या तोडीचे दुसरे राज्य पतियाळा. महाराजा राजिंदरसिंह क्रिकेट आणि पोलो या दोन्ही खेळांचे वेडे होते. १९०० मध्ये अगदी तरुण वयात ते वारले, तोवर पतियाळाचा संघ देशात पहिल्या ओळीत आला होता. पुत्र भूपिंदरसिंहांनी तो आश्रय चालू ठेवला आणि जनरल चंदासिंह हे त्या संघाचे आधारस्तंभ झाले. भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान, कूचबिहारचे महाराजा नृपेंद्र नारायण, रतलामचे सज्जनसिंह ही याच माळेतली नावे. दक्षिणेत कोलंका या छोट्या जमीनदारीच्या राजाने पुरस्कृत केलेला कोलंका कप माणसाएवढा उंच आहे, आणि जगातली सर्वांत उंच क्रीडा ट्रॉफी म्हणून तो नोंदला गेला आहे. मराठी संस्थानिकांत पोलोला राजपुतान्याइतके स्थान कधी मिळाले नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा राजाश्रय मुख्यतः कुस्तीला होता आणि १९१२ चे खासबाग मैदान त्याची साक्ष आहे. मोठी पागा, मोठा रिसाला बाळगणाऱ्या ग्वाल्हेरचा वाटा पोलोच्या कथेत थोडा उशिरा आणि वेगळ्या वाटेने येतो.

मैदानाइतकेच महत्त्व पागेला होते. सुरुवातीच्या काळात ठेंगू तट्टांवरच खेळायचा नियम होता. पुढे उंचीची मर्यादा वाढत गेली आणि पहिल्या महायुद्धानंतर ती काढूनच टाकली. तोवर खेळ इतका वेगवान झाला होता की जुनी तट्टे त्यात टिकत नव्हती. घोड्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. इराणच्या आखातातून अरबी घोडे गलबतांनी मुंबईच्या बंदरात येत आणि भेंडीबाजार-भायखळ्याच्या अरब सौदागरांच्या तबेल्यांत विकले जात. संस्थानांचे कारभारी आणि पलटणींचे अधिकारी तिथे पारख करत हिंडत. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधून येणारे धिप्पाड घोडे वेलर म्हणून ओळखले जात. मारवाडी आणि काठेवाडी घोडे तर घरचेच. विकत घेतलेला घोडा लगेच खेळायला लागत नाही. चाबूकस्वार त्याला काठी आणि चेंडूची सवय लावतो, अंगाला अंग घासत पळायला शिकवतो, भरधाव वेगात दोन पायांवर थांबून मागे वळायला शिकवतो. त्यात दोन-दोन वर्षे जातात. पहाटेचा खरारा, दाणापाणी, नाल, सामन्यानंतर पाय चोळून पट्ट्या बांधणे, हे सारे मोतद्दारांकडे असे. एका घोड्यामागे एक मोतद्दार हा साधारण हिशेब होता. जिंकलेल्या संघांची चौघांची छायाचित्रे सर्वत्र आहेत, या माणसांची नावे मात्र कुठेच नोंदलेली नाहीत. आणि हा सगळा डौल संस्थानाच्या महसुलातून, म्हणजे रयतेच्या सारा-पट्टीतून उभा राहत होता, हेही विसरता येत नाही.

फेब्रुवारी १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भारतभेटीच्या निमित्ताने दिल्लीत झालेली स्पर्धा हा संस्थानी पोलोचा एक कळस. अंतिम सामना पतियाळा आणि जोधपूर यांच्यात होता. अनेक संस्थानांचे राजे, व्हाइसरॉय आणि युवराज प्रेक्षकांत होते. अत्यंत चुरशीच्या सामन्यात जोधपूर जिंकले. संघात सर प्रतापांचे बावीस वर्षांच्या आसपासचे पुत्र राव राजा हणूतसिंह होते. वृद्ध सर प्रतापांनी हा विजय डोळ्यांनी पाहिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते वारले. हणूतसिंहांचा हँडिकॅप पुढे ९ पर्यंत गेला. चेंडू पुढे कुठे जाणार हे त्यांना आधीच कळत असे आणि मैदानावर सोबत्यांना ते ओरडून जागा सांगत. त्यांच्या तोंडची दरडावणी सोबतीला राजा असला तरी कमी होत नसे.

हा सोबती राजा होता जयपूरचा सवाई मानसिंह दुसरा. १९२४ मध्ये त्यांचे लग्न जोधपूरच्या राजकन्येशी झाले आणि या सोयरिकीतून जोधपूरचे पोलोपटू जयपूरकडून खेळू लागले. १९३३ मध्ये वीस-एकवीस वर्षांचे मानसिंह आपला संघ, घोडे आणि मोतद्दार घेऊन बोटीने इंग्लंडला गेले. त्यांच्याबरोबर हणूतसिंह, अभयसिंह आणि बेऱ्याचे पृथीसिंह असे मारवाडचे तीन खंदे स्वार होते. त्या हंगामात जयपूरने हर्लिंगहॅम चॅम्पियन कप, रॅनेला ओपन आणि रोहॅम्पटन ओपन यांसह मोठ्या स्पर्धा एकामागून एक जिंकल्या. इंग्लंडमध्ये येऊन एका संघाने सगळा हंगामच आपल्या नावे करावा, असे क्वचितच घडले होते. परदेशी हवेत, परक्या ओलसर गवतावर, बोटीच्या प्रवासाने थकलेल्या घोड्यांना वेळेत तयार करणे हे खेळण्याइतकेच अवघड काम होते, आणि या यशात पागेचा वाटा निम्मा तरी होता.

पोलोच्या हंगामासाठी मानसिंह कलकत्त्याला येत, तेव्हा कूचबिहारच्या राजघराण्याकडे त्यांचे जाणे-येणे असे. तिथल्या महाराणी इंदिराराजे या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या. त्यांची मुलगी गायत्रीदेवी अगदी लहान वयात मानसिंहांच्या खेळावर लुब्ध झाली आणि १९४० मध्ये त्यांची तिसरी महाराणी झाली. पोलोपटूंना त्या काळी जी लोकप्रियता होती, तिचे वर्णन गायत्रीदेवींनी आपल्या आत्मकथनात आवर्जून केले आहे.

या साऱ्या कहाणीत एक गोष्ट नजरेआड होऊ नये. पोलो हा राजांचा खेळ म्हणवतो, पण हिंदी संघांची खरी ताकद राजांपेक्षा त्यांच्या ठाकुरांत, सरदारांत आणि रिसाल्याच्या अधिकाऱ्यांत होती. राजा पैसा देई, घोडे देई आणि जमलेच तर चौघांतला एक होई. हणूतसिंह, चंदासिंह, पृथीसिंह यांच्यापैकी कोणीही गादीवर बसलेला नव्हता. याच वर्गाने रणांगणही गाजवले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी पॅलेस्टाइनमधल्या हैफा शहरावर जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी तोफा आणि मशीनगनच्या माऱ्यात घोडे घालून ते जिंकले. जोधपूरच्या रिसाल्याचे मेजर दलपतसिंह तिथे धारातीर्थी पडले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले स्मारक हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूरच्या रिसाल्यांचे आहे.

दुसरे महायुद्ध आले आणि घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली. लष्करातल्या घोडेस्वार पलटणी यांत्रिक झाल्या, तबेले रिकामे झाले. १९४७ च्या फाळणीने खेळाडू आणि मैदाने दोन देशांत वाटली गेली. संस्थाने विलीन झाल्यावर पागा पोसणारा खजिनाच उरला नाही. खेळ तेव्हा संपला नाही, याचे मोठे श्रेय भारतीय लष्कराकडे जाते. संस्थानी रिसाल्यांतून उरलेले स्वार आणि घोडे एकत्र करून १९५३ मध्ये एक नवी घोडदळ पलटण उभी राहिली. शिंद्यांचे ग्वाल्हेर लान्सर्स, म्हैसूर लान्सर्स, जोधपूर-जयपूरचे स्वार असे सारे तीत सामावले. तिची उभारणी ग्वाल्हेरला झाली. पुढे जयपूर हे ठाणे असलेली हीच ती एकसष्टावी कॅव्हलरी. घोड्यावर बसणाऱ्या जगातल्या मोजक्या लष्करी पलटणींपैकी ती एक आहे, आणि स्वातंत्र्योत्तर काळातल्या अनेक नामवंत पोलोपटूंची जडणघडण तिथे झाली.

मानसिंहांनी आपले वजन नव्या काळातही या खेळामागे उभे केले. १९५७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने फ्रान्समधल्या दोविल इथे जागतिक अजिंक्यपदासाठीचा सुवर्णचषक जिंकला. संघात सत्तावन्न वर्षांचे हणूतसिंह, त्यांचे पुत्र विजयसिंह आणि किशनसिंह होते. पुढच्याच वर्षी हणूतसिंहांना पद्मभूषण मिळाले. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत पोलोपटू प्रेमसिंह होते. किशनसिंहांना तो १९६३ मध्ये आणि हणूतसिंहांना १९६४ मध्ये मिळाला. २४ जून १९७० रोजी इंग्लंडमध्ये सायरेन्सेस्टर इथे पोलोच्या मैदानावरच मानसिंह कोसळले आणि त्यांचे निधन झाले. १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि किताब रद्द झाले, आणि खाजगी पागांचा उरलासुरला आधारही गेला.

आज देशातला पोलो जयपूर, दिल्ली, जोधपूर, कलकत्ता, मुंबई आणि इंफाळ अशा थोड्या ठिकाणी, थंडीच्या हंगामात खेळला जातो. मुंबईत तो महालक्ष्मी रेसकोर्सच्या मधल्या मैदानावर होतो. लष्कराचे संघ हा कणा आहे आणि संस्थानिकांची जागा उद्योगसमूहांच्या प्रायोजकत्वाने घेतली आहे. जयपूरचे पद्मनाभ सिंह यांनी अगदी तरुण वयात भारतीय संघाचे कर्णधारपद भूषवले, त्यामुळे जुन्या घराण्यांचे नाते पूर्ण तुटलेले नाही. मणिपूरमध्ये खेळ अजून लोकांचा आहे, तिथे मुलींचे संघही मैदानात उतरतात. चिंता आहे ती तट्टांची. पाणथळ कुरणे शहराच्या वाढीखाली गेली आणि मणिपुरी तट्टांची संख्या २००३ च्या पशुगणनेतल्या १,८९८ वरून २०१२ मध्ये १,१०१ वर आली. राज्य सरकारने २०१६ मध्ये त्यांच्या संवर्धनाचे धोरण जाहीर केले, पण कुरणांचा प्रश्न सुटल्याशिवाय त्याला अर्थ येणार नाही.

बाकी देशात पोलोसाठी थरोब्रेड जातीचे घोडे वापरले जातात आणि त्यांतले बरेचसे शर्यतींतून निवृत्त झालेले असतात. अशा घोड्यांची पैदास करणारे मोठे स्टड फार्म पुण्याच्या आसपास आहेत, त्यामुळे महाराष्ट्राचा या खेळाशी आज सर्वांत जवळचा संबंध घोड्यांच्या वाटेने येतो. शर्यतीत सरळ आणि सुसाट धावायला शिकलेल्या या घोड्यांना पोलोसाठी जवळजवळ नव्याने घडवावे लागते. थांबायला, वळायला, दुसऱ्या घोड्याला न घाबरता त्याच्या अंगाला भिडायला शिकवावे लागते. ते काम अजूनही चाबूकस्वार आणि मोतद्दारच करतात, आणि राजस्थानात त्यांतल्या कित्येकांचे आजे-पणजे संस्थानांच्या पागांत नोकरीला होते.